हवा बघणारे नाना

गिऱ्हाईक आलं की नाना हॉल केवढा आहे ते विचारत नसत. छत पत्र्याचं की स्लॅबचं, कूलर किती लागतील, हेही नाही. त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "माणसं काय करायला जमणार हायती?"

लग्नासाठी, असं उत्तर मिळालं तरी त्यांचं समाधान होत नसे. वरात दारातच थांबणार की नाचत आत येणार? जेवण त्याच हॉलात की शेजारच्या? म्हातारी माणसं किती? गिऱ्हाईक वैतागायचं. त्याला फक्त आठ कूलर आणि चार एक्झॉस्ट फॅन दोन दिवसांसाठी हवे असत. नाना आवाज न चढवता सांगत, "बसलेल्या माणसाची हवा येगळी, उभ्याची येगळी, आन् नाचणाऱ्याची तर लयच येगळी. मला ठावं नको?"

सांगलीतल्या मंगल कार्यालयांमध्ये त्यांना वारेवाले नाना म्हणत. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या दुकानावरही ते नव्हतं. दुकान म्हणजे माधवनगरात बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड. आत कूलरचे सांगाडे एकावर एक रचलेले, भिंतीला टेकवलेली पंख्यांची मोठमोठी पाती, आणि कोपऱ्यात कच्च्या सुताची रिळं. यंदा होळीच्या आधी नाना गेले. तेव्हापासून हे लिहायला घेतलं आहे. दिवसाला चार-सहा ओळींपुढे हात जात नाही.

रिळांचं काम काय, ते आधी सांगते. कार्याच्या आदल्या दिवशी दुपारी नाना रिकाम्या हॉलात जात. चपला दाराबाहेर काढत, देवळात शिरावं तसे. मग शिडी लावून, कुठे पंख्याच्या दांडीला, कुठे झुंबराला, कुठे खिडकीच्या गजाला हातभर लांबीचे धागे बांधत. खुर्च्यांच्या पाठींनाही बांधत. साठ-सत्तर धागे होत. ते झालं की मधोमध जमिनीवर बसत आणि बघत राहत. तास, दीड तास. काही धागे निपचित लोंबत असत, काही दाराकडे झुकत, एखादा स्वतःभोवती फिरत राही. उन्हाची तिरीप आत आली की ते धागे मधूनच चमकत आणि मधूनच नाहीसे होत. मी एकदा त्यांच्याबरोबर तशी बसले होते. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की आपण एखाद्या तळ्याच्या बुडाशी बसलो आहोत आणि वरून पाणी वाहतं आहे. ते बोलून दाखवल्यावर नाना म्हणाले, "वाहतंयच की, बाई. माणूस हवेच्या बुडाशीच ऱ्हातो. वर बघत न्हाई म्हणून त्येला कळत न्हाई."

मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नानांची आणि माझी ओळख आमच्या अभ्यासिकेमुळे झाली. वरच्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली दिवसभर बसतात. दुपारी अडीचनंतर निम्मी टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असत. प्राचार्यांनी मला त्यावर उपाय करायला सांगितला. मी भिंतीवर उद्योगाची महती सांगणारी सुवचनं लावली. काही उपयोग झाला नाही. मग उकाड्यामुळे झोप येत असेल म्हणून दोन कूलर मागवले, ते घेऊन नाना आले.

त्यांनी कूलर खालीच टेम्पोत ठेवले. हात हलवत वर आले, पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं आणि ते मनगट पुढे धरून खोलीभर हळूहळू फिरले. मुलं हसायला लागली. एकाने विचारलं, "नाना, भविष्य बघताय का आमचं?"

"व्हय," नाना म्हणाले. "समदे झोपेत पास व्हणार तुमी."

मग माझ्याकडे वळून त्यांनी छताजवळच्या झरोक्यांकडे बोट दाखवलं. पारवे आत येतात म्हणून आम्हीच ते काही वर्षांपूर्वी पुठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबून बंद केले होते. "ही पोरं आळशी न्हाईत, बाई. एकानं सोडलेला श्वास दुसरा घेतोय, दुसऱ्याचा तिसरा. तुमचे पंखे तेच ते ढवळत बसल्यात. झोप पुस्तकातनं येत न्हाई. शेजाऱ्याच्या नाकातनं येती."

त्यांनी पुठ्ठे काढून जाळ्या बसवल्या, खालच्या खिडक्यांची सावलीकडची तावदानं उघडून ठेवायला सांगितली, आणि कूलर परत घेऊन गेले. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "लागत न्हाईत. सांगलीची हवा नदीकाठची, आधीच पाणी प्यालेली. तिला आणखी पाजून काय? आमच्या माणातली हवा तहानलेली असती. तिला घोटभर पाणी दिलं की लगीच गार व्हती, उपकार मानती."

माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं त्यांचं गाव. घराणं मेंढपाळांचं. हवेबद्दल त्यांना जे कळलं ते सगळं मेंढ्यांनी शिकवलं, असं ते सांगत. भर उन्हात मेंढ्या पांगून उभ्या राहत नाहीत, उलट दाटीवाटीने एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात. सावली मिळते, पण श्वास कोंडतो. "माणसं बी हॉलात तेच करत्यात," नाना म्हणत. आणि वाड्यातून मेंढरं बाहेर काढायची तर मागून काठी आपटून ती निघत नाहीत, जागच्या जागी गोल फिरत राहतात. पुढची झाप उघडली की एक निघतं, आणि मग सगळी निघतात. "हवा मेंढरावाणी असती. मागनं हाकायची न्हाई. म्होरचं दार उघडायचं." पंखा लावण्याआधी हवा जाणार कुठून ते ठरवायचं, एवढाच याचा अर्थ. पण ते तो असा सांगत, की पुढे कुठल्याही खोलीत शिरताना मी आधी बाहेर जायची वाट शोधू लागले.

थंड हा शब्द त्यांना आवडत नसे. साताऱ्याला महामार्गाजवळ एक नवा हॉल झाला होता, चहूबाजूंनी काचा, आत एसी. दर लग्नात लोकांची डोकी दुखतात अशी तक्रार यायला लागली, तेव्हा मालकाने नानांना गाडी पाठवून बोलावून घेतलं. रविवार होता. पुस्तकांच्या प्रदर्शनासाठी मलाही साताऱ्याला जायचं होतं, म्हणून मी त्याच गाडीतून गेले. मालक अभिमानाने रिमोट दाखवत म्हणाला, "बघा नाना, बावीसवर ठेवलाय. यापेक्षा काय करायचं माणसानं?"

"फ्रिज हाय का घरी?" नानांनी विचारलं.

"आहे की. दोन आहेत."

"शिळी भाजी ठेवली तर ताजी व्हती का?"

मालकाने रिमोट खिशात टाकला.

"टिकती. ताजी व्हत न्हाई. तुमी हजार माणसाचा शिळा श्वास बावीसवर टिकवून ठिवलाय." मालकाचा चेहरा पडला. नानांनी त्याला सांगितलं की एसी राहू दे, पण छतात दोन वाटा पाड आणि थोडी बाहेरची हवा सतत आत येऊ दे. बिल वाढेल म्हणून त्याने ते केलं नाही, असं नंतर कळलं. नाना त्या हॉलला नंतर कायम 'फ्रिज' म्हणत.

पण सगळीकडे वारा खेळवायचाच, असंही त्यांचं नव्हतं. आमच्या कॉलेजातले एक जुने प्राध्यापक वारले, त्यांची शोकसभा सभागृहात होती. मे महिना. नाना आले आणि व्यासपीठासमोरच्या पहिल्या चार रांगांवरचे पंखे त्यांनी बंद करायला लावले. तिथे घरची माणसं बसणार होती. शिपाई म्हणाला, "आवं नाना, उकडून मरतील की."

"घाम येऊ दे," नाना म्हणाले. "रडणाऱ्याला वारा लागू द्यायचा नसतो. डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत सुकलं, तर माणसाला रडल्यासारखं वाटत न्हाई. तसाच कोरडा घरी जातो."

त्या दिवशी प्राध्यापकांच्या पत्नी खूप वेळ रडल्या. कोणी त्यांना थांबवलं नाही. मागच्या रांगांमध्ये मंद वारा होता, पुढे हवा अगदी स्थिर होती. मला अजून ती आठवते.

त्यांच्या घरात पंखा नव्हता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. शेडच्या मागेच दोन खोल्या होत्या. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. मी एकदा उन्हाळ्यात काही पुस्तकं द्यायला गेले होते. मराठी सहावीपर्यंत शिकलेला हा माणूस शरीरशास्त्राची पुस्तकं मागून नेत असे, फुप्फुसांची चित्रं असलेली. तिथे बसल्यावर घाम फुटला. पंखा का नाही, म्हणून विचारलं.

"माझ्यापुरतं झालं वारं," ते म्हणाले. "गिरणीत लय खाल्लं."

तेव्हा पहिल्यांदा ते गिरणीबद्दल बोलले. माणातून आलेला तरुण मुलगा, गिरणीत लागला तो छतावरच्या यंत्रघरात. सुताला दमट हवा लागते. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, धागा तुटला की साचा, म्हणजे माग, थांबतो. म्हणून वरून बारीक पाण्याचे फवारे सोडायचे. त्या फवाऱ्यांचं चाक नानांच्या हातात होतं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. काचेच्या नळीतला पारा बघून चाक फिरवायचं. ते त्यात इतके तरबेज झाले की पारा बघायची गरज उरली नाही, मनगटावर हवा घेतली की कळायचं. साहेब लोक शाबासकी द्यायचे.

"ईस वर्सं मी धाग्याची हवा केली, बाई. खाली माणसं उभी हायती, त्येंच्या नाकात कापूस जातोय, वरनं मी त्यो ओला करून त्येंच्या छातीत चिकटवतोय, हे कवा ध्यानातच आलं न्हाई. धागा तुटू नये एवढंच बघितलं." मग मी आणलेल्या पुस्तकातलं फुप्फुसाचं चित्र दाखवून म्हणाले, "ह्ये असं झाडावाणी असतं आतनं. बगा. उलटं झाड."

माझ्या आईने त्याच गिरणीत चौदा वर्षं काढली होती आणि तिच्या छातीतलं ते उलटं झाड दर हिवाळ्यात थोडं थोडं वाळत चाललं होतं. ते त्यांना तेव्हा सांगितलं नाही. सांगावं लागलं ते धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी.

लग्न वैशाखातलं, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, हॉल विश्रामबागेतला, माणसं सातशे. वडील नव्हते. माझं लग्न झालं नव्हतं आणि आता होणारही नव्हतं, त्यामुळे आईच्या आयुष्यात हा एकच मांडव. दोन महिन्यांपूर्वी ती दहा दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर राहून आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गर्दीत न्यायचं नाही, कोंदट जागेत तर मुळीच नाही. बहीण म्हणाली, आपण घरीच चार माणसांत करू. आई ऐकेना. मुलाकडचे कोरेगावकडचे, ऊसवाले, निम्मं घर फौजेत, मोठा गोतावळा. त्यांना असं कसं सांगायचं? मग एके दिवशी तिने स्वतःच निकाल लावून टाकला.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "मंगलाष्टकात मला ढास लागली तर समदे माझ्याकडंच बघत बसतील. पोरीवर अक्षता पडायच्या सोडून. तुमी मला मोबाईलवर दावा."

असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेले. सगळं सांगितलं. आई कुठल्या गिरणीत होती तेही.

नाना बराच वेळ सुताचं रीळ हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एका खुर्चीपुरती हवा मागताय तुमी. देतो. त्येंना सांगा, यायचं."

पुढचे आठ दिवस, हॉल रिकामा असेल त्या प्रत्येक दुपारी ते तिथे होते. मॅनेजर मला फोन करून विचारायचा, "मॅडम, हे गृहस्थ नेमकं काय करतायत? नुसते बसलेत." अखेर त्यांनी जागा ठरवली. व्यासपीठाच्या डाव्या हाताला, पूर्वेच्या खिडकीला लागून. बाहेर कडुनिंबाची दाट सावली. तिथून येणारी हवा आधी आईच्या खुर्चीवरून जाईल, मग गर्दीवरून, आणि समोरच्या भिंतीच्या माथ्यावरचे चार एक्झॉस्ट फॅन ती बाहेर ओढून नेतील. म्हणजे सातशे माणसांचा श्वास तिच्याकडे येणारच नाही, तिच्यापासून दूर जाईल. कूलर एकही नाही. उभे पंखे एकही नाहीत. "मंगलाष्टकं लागली की समदे उठून म्होरं येत्यात. तवा हवा बी उभी ऱ्हाती," नाना म्हणाले. "त्या वक्ताला माझी माणसं मागची दोन दारं उघडतील. मग काय न्हाई व्हत."

सगळं मोजून झालं होतं. पण नानांनी हॉल मोजला होता, व्याही मोजले नव्हते.

आमच्याकडच्या लग्नांत उभा पंखा हा नुसता पंखा नसतो. तो कोणाकडे तोंड करून ठेवला आहे यावर कोणाचा मान राखला गेला ते ठरतं. नवरदेवाचे मामा निवृत्त सुभेदार होते, टोकदार मिशांचे. हॉलात आले, पहिल्या रांगेत बसले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले, "पाव्हण्यांसाठी एक पंखा न्हाई? आमी काय रानात आलोय का?"

"बसा हो मामा, हवा आहे की," कोणीतरी म्हणालं.

"हवा हाय. पंखा कुठाय?"

ते माझ्या मामाच्या कानावर गेलं. मुलीचा मामा, त्या दिवशी त्याचा जीव टांगणीला लागलेला. मुहूर्ताला वीस मिनिटं होती. त्याने जेवणाच्या हॉलातून धावत जाऊन दोन उभे पंखे आणवले. एक सुभेदारांसमोर ठेवला. आणि मुलाकडच्यांना पंखा मिळाला, मग आपली बहीण, मुलीची आई, तिला नको का, म्हणून दुसरा गर्दीच्या बाजूने आणून थेट आईच्या तोंडावर लावला. वर, खिडकीतून झळ येत असेल म्हणून प्रेमाने खिडकी ओढून घेतली.

मी तेव्हा बहिणीच्या साडीच्या निऱ्या नीट करत होते. आईचा खोकला ऐकू आला आणि माझे हात थांबले. तो खोकला मला ओळखू येतो. पहिले तीन कोरडे असतात, चौथा खोलातून येतो. मी धावत गेले तेव्हा ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरून पुढे वाकली होती. मामा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होता, "पंखा अजून जवळ घेऊ का, अक्का?" ती मान हलवून नको म्हणत होती आणि त्याला ते हो वाटत होतं.

नाना कुठून आले ते दिसलं नाही. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं, तो उचलून बाजूला ठेवला आणि खिडकी सताड उघडली. मग सुभेदारांसमोरचाही बंद केला. मला म्हणाले, "बाई, त्येंच्याशी बोलू नका. बोललं की श्वास मोडतो. नुसतं बसा." आणि स्वतः खिडकीच्या गजाला एक धागा बांधू लागले.

तेवढ्यात सुभेदार उठून आले. "कोण तुम्ही? आमचा पंखा कुणी बंद केला?"

सगळी रांग वळून बघू लागली. मला वाटलं, झालं, आता लग्न इथेच अडतं. नानांनी वळूनही बघितलं नाही. गाठ मारून झाल्यावर ते म्हणाले, "सुभेदारसाहेब, बरं झालं आलात. मला एक भरवशाचा माणूस पायजे. ह्या बाई तुमच्या विहीणबाई. गिरणीत छाती गेली त्येंची. ह्या खिडकीतनं हवा आली तर त्या लगीन बघतील, न्हाई तर न्हाई. ह्यो धागा आतल्या बाजूला झुकलेला ऱ्हायला पायजे. कुणी खिडकी लावाय आलं, म्होरं उभं ऱ्हायलं, तर हटवायचं. माझं ऐकत न्हाईत लोक. तुमचं ऐकतील."

सुभेदारांनी आईकडे बघितलं. तिच्या ओठांचा रंग अजून परत आला नव्हता. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, टोपी नीट केली आणि खिडकीच्या बाजूला पाय जुळवून उभे राहिले.

"मुहूर्ताला म्होरं यावं लागंल की तुम्हाला," त्यांची बायको म्हणाली. "मामा हायसा नवरदेवाचं."

"धाकल्याला उभा कर. मी ड्यूटीवर हाय."

अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी सूर लावला आणि नानांनी सांगितलं होतं तसंच झालं. सगळे उठले, पुढे सरकले, डोक्यांची भिंत झाली. मी धाग्याकडे बघत होते. तो हळूहळू सरळ झाला, लोंबू लागला. आईने माझा हात धरला. मग मागे कुठेतरी दारं उघडल्याचा आवाज झाला, आणि दोन-तीन क्षणांनी धागा पुन्हा आत झुकला, अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा. कडुनिंबाच्या मोहोराचा वास आला. आईने डोळे मिटून तो आत घेतला. एकजण मोबाईलवर चित्रण करायला आमच्यासमोर आला, तर सुभेदारांनी खांद्याला धरून त्याला बाजूला केलं. "हवा सोड रं गड्या," ते दबक्या आवाजात म्हणाले.

अंतरपाट खाली आला. आईने बसल्या जागेवरून अक्षता टाकल्या. त्या बहिणीपर्यंत पोचल्या नाहीत, पण टाकल्या. त्या अर्ध्या तासात ती एकदाही खोकली नाही. जेवायला बसल्यावर सुभेदार माझ्या मामाला म्हणाले, "नोकरीत बी एवढी कडक ड्यूटी केली न्हवती गड्या," आणि जिलबी आणखी दोनदा मागून घेतली.

चारच्या सुमाराला पाठवणी झाली. हॉल रिकामा होत गेला. आई खिडकीपाशीच बसून होती, मी रिक्षा बोलावली होती. नाना आले आणि तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर उकिडवे बसले. इतक्या दिवसांत ते तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते.

"ताई," ते म्हणाले, "गिरणीत वरनं पाणी सुटायचं, ते मी सोडत हुतो. तुमच्या छातीत जे हाय, त्यात माझा बी वाटा हाय. कवापास्नं कुणाला तरी सांगायचं व्हतं."

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग एकेक शब्द थांबून थांबून म्हणाली, "आवं भाऊ, ते तुमी हुता व्हय? उन्हाळ्यात तुमचा फवारा सुटला की आमी समद्या बाया मान वर करून उभ्या ऱ्हायचो. कपाळावर थेंब घ्यायचो. दिवसाचा तेवढाच गारवा. मुकादम वराडायचा, तरी हलत नव्हतो. आमी म्हणायचो, वर कोण हाय कुणाला ठाऊक, पण चांगला माणूस हाय."

नानांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला. त्या कोपऱ्यात एकही पंखा चालू नव्हता.

आई त्यानंतर दोन हिवाळे जगली. ती गेल्यावरही नाना अधूनमधून ग्रंथालयात येत राहिले. पुस्तक बदलत, वरच्या झरोक्यांकडे नजर टाकत, आणि निघता निघता सहज विचारल्यासारखं विचारत, "ताई काय म्हणल्या व्हत्या ओ त्या दिशी? मान वर करून?" मी पुन्हा सांगत असे. काही वर्षांत मी त्यात माझ्या पदरचं थोडं थोडं घालू लागले. बायकांच्या बांगड्यांचा आवाज, मुकादमाची शिट्टी. शेवटी दवाखान्यात त्यांच्या नाकाला नळी लावलेली होती, तेव्हाही त्यांनी भुवया उंचावून तेच विचारलं, आणि मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकता ऐकता झोपले. मुलगी पुण्याहून पोचली तेव्हा ते शुद्धीवर नव्हते.

रिक्षात आई जे बोलली, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

हॉलवरून आम्ही माधवनगरकडे निघालो होतो. ऊन उतरलं होतं. आई रिक्षाच्या कडेला डोकं टेकून बाहेर बघत होती. मी म्हटलं, "एवढं सगळं तू घरी कधी सांगितलं नाहीस. ते फवाऱ्याचं."

"आमच्या खात्यात फवारा न्हवताच गं," ती म्हणाली. "त्यो पलीकडं, साच्याच्या खात्यात. आमी वाइंडिंगला, रिळं भरायला. आमच्याकडं नुसता कोरडा कापूस उडायचा."

मला काही कळेना. "मग त्यांना तेच का नाही सांगितलंस? त्यांचा काही दोष नाही म्हणून?"

तिने श्वास गोळा केला.

"एवढ्या वर्सांनी माणूस खाली येऊन बसला," ती म्हणाली, "आन् त्येला काय सांगू? तुमी आमच्यापातूर कवा आलाच न्हाई, असं?"